पुण्या-मुंबईहून ऑस्ट्रेलियाला घर हलवताना: कंटेनरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गणपतीत आरती झाली, प्रसादाचे द्रोण हातात आले की कुणीतरी नवं आलेलं, किंवा ज्याची बहीण पुढच्या वर्षी यायची आहे असं कुणीतरी, मला कोपऱ्यात गाठतं. प्रश्न ठरलेला: "वीस फुटी घेऊ की चाळीस फुटी?" आम्ही कोथरूडहून मेलबर्नला आलो तेव्हा वीस फुटी घेतला होता आणि तो निर्णय साफ चुकला होता. म्हणून मला विचारतात बहुधा. उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

मग, वीस फुटी की चाळीस फुटी?

बऱ्याच घरांना दोन्ही नको असतात, पण आधी मापं घ्या. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. कागदावर हे ३३ घनमीटर होतं. घरसामान विटांसारखं नसतं. खुर्चीचे पाय, सोफ्याची पाठ, झोपाळ्याच्या कड्या यांत जागा वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर बसलं तर भरणाऱ्याचा हात चांगला म्हणायचा. चाळीस फुटी आतून सुमारे १२ मीटर लांब, रुंदी-उंची तीच, ६७ घनमीटर. त्याचाच 'हाय क्यूब' हा भाऊ एक फूट जास्त उंच असतो आणि त्यात ७६ घनमीटरच्या आसपास जागा मिळते.

या धंद्यात घनमीटर कुणी म्हणत नाही, सीबीएम म्हणतात. एक सीबीएम म्हणजे ३५.३ घनफूट. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढे तोच लागणार आहे.

चाळीस फुटीचं समुद्रभाडं वीस फुटीच्या दुप्पट सहसा नसतं. सेल्सवाला नेमकं हेच सांगतो: थोडे जास्त द्या, दुप्पट जागा घ्या. जास्तीच्या जागेत मग माणूस काहीही भरतो, आणि ते सगळं तिकडे उतरवायला, तपासायला, घरात चढवायला ऑस्ट्रेलियन मजुरीने पैसे पडतात. चार खोल्यांचं भरलेलं घर फर्निचरसकट न्यायचं असेल तरच चाळीस फुटीचा विचार करा.

आमचं सामान किती सीबीएम होईल हे घरच्या घरी काढता येतं का?

येतं, आणि काढायलाच हवं. मोजपट्टी घ्या, प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, गुणाकार करा, शेवटी बेरजेला ३५.३ ने भागा.

लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल असतं. गुणाकार २९ घनफूट, म्हणजे ०.८३ सीबीएम. तीन जणांचा सोफा साडेसहा बाय तीन बाय तीन धरला तर १.६५ सीबीएम. दोन कपाटांइतकी जागा एकटा सोफा खातो, आणि त्याच्या आत काही भरताही येत नाही! सहा इंची डबलबेडची गादी ०.४४. पॅकर वापरतात ती मोठी खोकी, १८ बाय १८ बाय २४ इंचांची, आठ खोकी मिळून साधारण एक सीबीएम. पलंगाची मोजणी उभा असताना करू नका, सुटा करून फळ्या एकावर एक ठेवल्यावर तो चौथाईवर येतो.

या हिशेबाने कपडे, भांडी, पुस्तकं, देवघर आणि मुलांचं सामान मिळून चाळीसेक खोकी आणि दोन-तीन सुट्या वस्तू झाल्या तर तुम्ही ६ ते ८ सीबीएमवर आहात. टू बीएचके फर्निचरसकट १५ ते २५. फर्निचर न्यायचं की नाही, यावरच कंटेनर ठरतो. बाकी भांडीकुंडी इकडे-तिकडे झाली तरी आकडा फारसा हलत नाही.

आमचं नेमकं काय चुकलं, तर आम्ही मोजलंच नाही. एका पॅकरने फोनवर "टू बीएचके ना? वीस फुटी लागणारच" असं सांगितलं, आम्ही मान डोलावली. प्रत्यक्षात सामान भरलं १४ सीबीएम. उरलेल्या जागेत हवा होती, आणि तिचंही भाडं आम्ही भरलं. ती हवा फुकट बसून राहिली नाही. अर्धवट भरलेल्या कंटेनरमध्ये सामान सरकतं, आमचं पुस्तकांचं कपाट त्यातच मोडलं.

कमी सामान असेल तर काय करायचं? एलसीएल म्हणजे काय?

कंटेनरचं भाडं चार-सहा जणांत वाटून घ्यायचं, प्रत्येकाने आपल्या सीबीएमपुरते पैसे द्यायचे, याला एलसीएल म्हणतात. पूर्ण कंटेनर एकट्याने घेतला तर एफसीएल. सीबीएम आणि टन यांत जे जास्त भरेल त्यावर दर लागतो. घरसामानाचं वजन सीबीएमला शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास असतं, म्हणून तुमच्या बाबतीत तो सीबीएमवरच लागणार. एक सीबीएमपेक्षा कमी असलं तरी सहसा एकाचे पैसे पडतात.

एलसीएलमध्ये सामान जास्त हातांतून जातं. तुमच्या घरून गोदामात, गोदामातून कंटेनरमध्ये, तिकडे पुन्हा डेपोत उतरवून वेगळं करणं. म्हणून खोकी सुटी पाठवू नका, लिफ्टव्हॅन मागा. प्लायवूडची उभी मोठी पेटी असते ती, पाच-सहा सीबीएमची. तुमच्या दारात किंवा गोदामात तुमच्यासमोर भरून बंद केली की ती थेट तिकडेच उघडते. थोडी महाग पडते. मला विचाराल तर ते पैसे वाचवू नका.

कितीच्या पुढे पूर्ण कंटेनर परवडतो?

साधारण १२ ते १५ सीबीएमच्या दरम्यान दोन्ही रस्त्यांचे पैसे सारखे होतात. त्याखाली एलसीएल, त्यावर वीस फुटी. मधल्या पट्ट्यात असाल तर दोन्हीचे दर मागवा, आणि दोन्ही दारापासून दारापर्यंतचेच मागवा. एलसीएलचं समुद्रभाडं कधीकधी हास्यास्पद स्वस्त सांगतात आणि तिकडच्या बंदराचे, डेपोचे, कागदपत्रांचे आकार सामान पोचल्यावर वसूल करतात. तेव्हा तुमचं सगळं घर त्यांच्या गोदामात असतं, घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

वजनाची मर्यादा?

विसरून जा. वीस फुटीत घरसामान ठासून भरलं तरी तीन-साडेतीन टन होतं, कंटेनर त्याच्या कितीतरी पट पेलतो. फक्त भरलेल्या कंटेनरचं एकूण वजन प्रमाणित करून द्यावं लागतं. १ जुलै २०१६ पासून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, ते काम एजंट करतो. तुम्ही वजनाची काळजी करायची ती खोक्याची. पुस्तकं लहान खोक्यात भरा, नाहीतर हमालाच्या पाठीआधी खोक्याचं बूड जाईल.

आमच्या गल्लीत ट्रेलर येईल का?

सदाशिव पेठेत, दादरच्या चाळीत, ठाण्याच्या जुन्या सोसायटीत: नाही. बाणेर-वाकडच्या रुंद रस्त्यावर वीस फुटी येऊ शकतो, पण अवजड वाहनांना शहरात ठरावीक वेळांतच परवानगी असते, सोसायटीच्या कमानीची उंची आड येते, आणि ट्रेलरवरच्या कंटेनरची जमीन छातीइतक्या उंचीवर असते. कपाट तिथवर चढवायला फळ्या आणि चार माणसं लागतात.

म्हणून बहुतेकांचं सामान घरून टेम्पोने पॅकरच्या गोदामात किंवा न्हावा शेवा बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनला, म्हणजे सीएफएसला जातं आणि तिथे कंटेनरमध्ये भरलं जातं. या भरण्याला 'स्टफिंग' म्हणतात. नाशिक, कोल्हापूर, गोव्याहूनही अनेकांचं असंच ट्रकने न्हावा शेवाला येतं. स्टफिंगच्या दिवशी घरचं एक माणूस तिथे हजर असावं असा माझा आग्रह आहे. उरण-पनवेलचा फेरा पडेल, पडू दे. नसेल जमत तर रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला आणि दार बंद करून सील लावलेला, असे तीन फोटो मागून घ्या. सीलचा नंबर लिहून ठेवा, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, तोच यायला हवा.

कंटेनर चांगला आहे की भंगार, हे आपल्याला कसं कळणार?

आपल्यालाच कळतं, त्यात शास्त्र फार नाही. आत जा, दोन्ही दारं बाहेरून ओढून घ्यायला सांगा आणि अंधारात डोळे स्थिरावू द्या. छताला किंवा कोपऱ्यात कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला तर त्यातून पाणी येणार. कंटेनर बदलून मागा. दाराचं रबर बोटाने दाबून पाहा, वाळून तडकलेलं नसावं.

मग वास घ्या. आधीच्या फेरीत मासळीचं खाद्य, रसायन, कातडी असं काही गेलं असेल तर प्लायवूडच्या जमिनीत तो वास मुरतो. तुमच्या गाद्या तीन ते पाच आठवडे त्या वासात झोपणार आहेत. जमिनीवर तेलाचे डाग, वर आलेले खिळे बघा. आणि लाकडी फळ्यांच्या फटींत, कोपऱ्यांत धान्याचे दाणे किंवा भुसा दिसला तर झाडून घेऊ नका, कंटेनरच नको म्हणा. कारण खापरा किडा, त्याची गोष्ट पुढे येते आहे.

बाहेरून दारावर एक धातूची पट्टी असते, सीएससी प्लेट. कंटेनरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार १९७२ चा, त्याखालची ही खूण. नवा कंटेनर पाच वर्षांच्या आत आणि नंतर दर ३० महिन्यांनी तपासावा लागतो, त्या तपासणीची तारीख तिथे कोरलेली असते. तारखेऐवजी 'एसीईपी' अशी अक्षरं असली तर कंपनी सतत तपासणीच्या योजनेत आहे, तेही चालतं.

दारावरचा नंबर टिपा: चार अक्षरं, त्यांतलं चौथं यू, मग सहा आकडे आणि चौकटीतला एक आकडा. त्याखालचा छोटा संकेत तर मजेचा आहे. २२जी१ म्हणजे साधा वीस फुटी, ४२जी१ म्हणजे साधा चाळीस फुटी, ४५जी१ म्हणजे चाळीस फुटी हाय क्यूब. हाय क्यूबचे पैसे घेऊन साधा लावला तर इथे कळतं.

लोक घरसामानासाठी रीफर, ओपन टॉप वगैरे घेतात का?

नाही. साधा बंद कंटेनर, ज्याला ड्राय म्हणतात, तोच. रीफर म्हणजे आत थंड ठेवणारा, तो द्राक्षांसाठी. ओपन टॉप म्हणजे वरून उघडा, तो यंत्रांसाठी.

स्वतःचाच कंटेनर विकत घेऊन पाठवला तर? तिकडे अंगणात ठेवता येईल.

येतो पाठवता. मग त्याची तपासणी, त्याचे कागद, तिकडे त्यावरची आयात हे सगळं तुमच्या गळ्यात. अंगणात ठेवायला कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, परवानगी लागू शकते ते वेगळंच. शेतावर राहायला जाणार असाल तर बोलू.

पावसाळ्यात पाठवावं का?

टाळता आलं तर टाळा. जुलैत उरणला स्टफिंग म्हणजे ओल्या ताडपत्रीखालून आलेली दमट खोकी लोखंडी डब्यात कोंडायची. पुढे समुद्रावर दिवसा तापलेला पत्रा रात्री थंड होतो, आतल्या हवेतली वाफ छताला धरते आणि थेंब थेंब खाली पडते. कंटेनरला भोक नसतानाही सामान भिजतं ते असं. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या कंटेनरच्या भिंतीला टांगायला लावा. खोक्यातली छोटी पुडी वेगळी आणि ही वेगळी, हिचं पाणी जमवायला खाली कप्पा असतो. वरच्या थरावर पुठ्ठा किंवा ब्लँकेट अंथरा. गाद्या प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळण्याआधी एक दिवस कडक उन्हात घाला. जुलैत कडक ऊन कुठून आणणार, म्हणूनच म्हटलं टाळा.

कस्टम्सचं काय? जुन्या सामानावर कर लागतो का?

ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायला येताना, तुमच्या मालकीच्या आणि १२ महिने किंवा जास्त वापरलेल्या घरगुती वस्तूंवर कर लागत नाही. निघायच्या आधी महिनाभर नवा टीव्ही, नवं फर्निचर घेऊन कंटेनरमध्ये टाकणारे लोक इथेच फसतात. विमानाने येताना जी प्रवासी सवलत मिळते ती मागाहून येणाऱ्या सामानाला मिळत नाही. भरायचा फॉर्म आहे बी ५३४, त्यात वस्तूंबद्दलचे प्रश्न सरळ 'हो-नाही'चे आहेत. शंका आली तिथे 'हो' लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होऊ शकतो.

खरा पहारेकरी कस्टम्स नाही, जैवसुरक्षा विभाग आहे.

जैवसुरक्षावाले नक्की काय शोधतात?

माती, बी-बियाणं, कीड, प्राण्यांचे अवयव. आपल्या घरात हे सगळं असतं, आपल्याला ते दिसत नाही एवढंच.

खापरा हा साठवलेल्या धान्यातला किडा मूळचा आपल्याकडचाच. त्याची अळी फटीत काही न खाता दीर्घकाळ तग धरते. ऑस्ट्रेलिया गहू निर्यात करणारा देश, त्यामुळे त्यांनी याचा धसकाच घेतला आहे. ऑक्टोबर २०२० पासून मागाहून येणाऱ्या घरसामानात तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप हे आणायला बंदीच आहे. आईने प्रेमाने डब्यात भरून दिलेली डाळ कंटेनरमध्ये टाकू नका. टाकलेला डबा जातोच, शिवाय सोबतचं सामानही अडकतं.

आम्ही डाळ-तांदूळ काही टाकलं नव्हतं, तरी डेपोतून फोन आला: तुमच्या एका खोक्यात तांदूळ सापडले. दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, निघायच्या आधी सासरी-माहेरी ओट्या भरल्या होत्या आणि मी त्या साड्या तशाच घड्या घालून ठेवल्या होत्या. पंधरा-वीस दाणे असतील. त्यांनी सगळ्या साड्यांच्या घड्या उलगडल्या, आणि तपासणीची फी वेळेवर असल्यामुळे तो वेळ आमच्या बिलात आला. तेव्हा साड्या झटका. पूजेच्या डब्यातल्या अक्षता, सुपाऱ्या, हळकुंडं, दर्भ काढून टाका. कलशावरचा नारळ नको. रुद्राक्ष आणि तुळशीची माळ जाहीर करा. केरसुणी आणि सूप तिथेच ठेवा, मोह होतो तरी. सरकी राहिलेली कापसाची जुनी गादी नको, कारण सरकी म्हणजे बीच. तबला, पखवाज, ढोलकीला चामडं असतं, ते जाहीर करावंच लागतं. सायकल, चपला, ट्रेकिंगचे बूट यांच्या तळव्यांतली सह्याद्रीची माती टूथब्रशने काढा.

खोक्यांचंही सांगते. हापूसच्या पेट्या, अंड्यांची, भाजीची खोकी वापरायची नाहीत. पॅकिंगला पेंढा नाही. लाकडी क्रेट करायचा तर लाकूड कीड मारलेलं हवं: गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवून, त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का. भवानी पेठेतून फळ्या आणून ओळखीच्या सुताराकडून ठोकून घेतलेली पेटी कितीही मजबूत असली तरी या शिक्क्याशिवाय अडकते. प्लायवूडला हा नियम लागत नाही, पण त्याला मारलेल्या लाकडी पट्ट्यांना लागतो.

म्हणजे कंटेनर थेट आमच्या दारात येणार नाही?

बहुतेक वेळा नाही. तो आधी मान्यताप्राप्त डेपोत उघडतो, तपासणी होते, मग सामान ट्रकने घरी येतं. "आमचा स्वतंत्र कंटेनर, आमच्याच हाताने उघडू" हे आम्हीही मनात रंगवलं होतं. एफसीएलचं ते एक मोठं आकर्षण असतं, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

आजीचं देवघर, तांब्याचा बंब, जुनी पितळी भांडी नेता येतील का?

भारतातून बाहेर पडताना इथे वेगळाच कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखितं देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू जुनी दिसते पण तितकी नाही, असं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो. समई, घंगाळं, बंब साधारण चालतात. देवांचे टाक आणि जुन्या मूर्ती असतील तर दाखला आधीच काढा, स्टफिंगच्या आदल्या दिवशी धावाधाव नको.

शिसवी फर्निचरची गोष्ट आणखी निराळी. शिसवाच्या डॅल्बर्जिया कुळातली सगळी झाडं जानेवारी २०१७ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, मोठ्या वस्तूंना कागद लागतात. सागवानाला ती भानगड नाही, फक्त कीड नको. मोरपिसं आणि हस्तिदंताची डबी मात्र इथेच राहू द्या.

विमा काढायलाच हवा का? जहाजाची जबाबदारी नसते का?

असते, पण ठरावीक मर्यादेपुरती, आणि ती तुमच्या सामानाच्या किमतीशी जुळत नाही. विमा काढा. दोन प्रकार समोर येतील: सगळं बुडालं तरच पैसे, आणि तुटफुटीसकट सर्व जोखीम. दुसरा घ्या. त्यात एक मेख असते. खोकी तुम्ही स्वतः भरली असतील तर यादीत 'मालकाने भरलेलं' अशी नोंद होते आणि आतल्या तुटफुटीचा दावा सहसा नाकारतात. काचेची आणि चिनी मातीची भांडी म्हणून पॅकरच्या माणसालाच भरू द्या, तुम्हाला त्याच्यापेक्षा छान जमत असलं तरी.

विम्याचं आणखी एक कारण फार कमी लोकांना माहीत असतं. जहाज आणि माल वाचवायला मोठा खर्च आला तर तो जहाजातल्या सगळ्या मालवाल्यांत वाटून घ्यायचा, असा जुना सागरी रिवाज आहे, त्याला 'जनरल अॅव्हरेज' म्हणतात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या जहाजाच्या मालकांनी तो जाहीर केला होता. तुमचं सामान धडधाकट असलं तरी वाटा किंवा हमी दिल्याशिवाय ते सुटत नाही. विमा असेल तर विमा कंपनी बघते. आणि जहाजं बुडतातही. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ कोचीजवळ सहाशेहून अधिक कंटेनर घेऊन बुडालं, ते काही लांबच्या समुद्रात नव्हे.

कागदपत्रं काय लागतात?

पासपोर्ट, व्हिसा, तिकडचा पत्ता, सामानाची यादी, एजंटला दिलेलं अधिकारपत्र. यादीत 'किरकोळ घरसामान' असं लिहू नका, 'स्टीलची भांडी, वापरलेली' असं लिहा.

घोळ होतो तो नावाचा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, बायकांची आडनावं पासपोर्टवर एक आणि बँकेत दुसरी. बिल ऑफ लेडिंगवर पासपोर्टवरचं नाव, त्याच स्पेलिंगने, असायला हवं. मसुदा आला की अक्षर न् अक्षर वाचा. जहाज सुटल्यावर दुरुस्तीला पैसे आणि दिवस दोन्ही जातात, आणि तिकडे मोफत दिवस संपले की बंदरात पडून राहिलेल्या कंटेनरचं भाडं रोज चढतं.

किती दिवस लागतात?

न्हावा शेवाहून समुद्रात साधारण तीन ते पाच आठवडे, कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदललं तर जास्तीकडे झुकतं. दारापासून दारापर्यंत दोन ते तीन महिने धरा. एलसीएलमध्ये कंटेनर भरेपर्यंत थांबणंही आलं. मुलांची शाळा सुरू होण्याच्या तारखेवर कंटेनरचा हिशेब बसवू नका.

आम्ही ऑस्ट्रेलियाला नाही, इंग्लंड-अमेरिका-कॅनडाला जातोय. हे सगळं लागू पडतं का?

कंटेनरची मापं, पारख, विमा हे सगळं तेच. नियम वेगळे. इंग्लंडला 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'चा अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते आणि वस्तू किमान सहा महिने तुमच्या वापरात असाव्या लागतात. अमेरिकेत अट एक वर्षाच्या वापराची, फॉर्म ३२९९. कॅनडाला पहिल्यांदा उतरतानाच विमानतळावर 'मागाहून येणाऱ्या वस्तूं'ची यादी द्यायची असते. ती द्यायला विसरलात तर पुढे त्रास. लंडनच्या जहाजांना, २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून, आफ्रिकेला वळसा घालून जावं लागल्याने दहा-पंधरा दिवस वाढले होते. बुकिंग करताना मार्ग कोणता हे विचारून घ्या.

स्कूटर, गाडी?

विका.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर?

ऑस्ट्रेलियात वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, फक्त प्लगच्या पिना चपट्या आणि तिरक्या. सगळं चालतं. तरी फ्रिज आणू नका, दोन-तृतीयांश सीबीएम जातो आणि भाड्याच्या घरातल्या फ्रिजच्या कोनाड्यात तो बसेलच असं नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर काहीच नेऊ नये, तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ.

मिक्सर न्यावा, पण कंटेनरमध्ये नको, सूटकेसमध्ये. भांडी आणि रबराच्या दोन जास्तीच्या रिंगा त्याच्याबरोबर. कंटेनर पोचायला दोन-तीन महिने आहेत आणि चटणी पहिल्याच आठवड्यात लागते.